वचन दोघेही दाखवतात, मग मी कोणाचे ऐकू?

पत्र

काका, सलाम.

मी नगर जिल्ह्यातली. सध्या पुण्यात एका रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. आमचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती, सीएनआय म्हणजे उत्तर भारताच्या प्रोटेस्टंट मंडळीतले. माझा बाप्तिस्मा तान्हेपणी झाला, पुढे दृढीकरणही झाले, म्हणजे मोठेपणी मंडळीसमोर विश्वास स्वतः कबूल केला. गेली दोन वर्षे रूममेटबरोबर मी इथल्या एका फेलोशिपमध्ये जाते. बायबल वाचायची गोडी मला तिथेच लागली, हे कबूल करायला हवे. पण तिथले पास्टर म्हणतात की तान्हेपणी पाणी शिंपडले तो बाप्तिस्माच नव्हे, आणि ज्याला आपल्या नव्या जन्माची तारीख सांगता येत नाही त्याचे तारण झालेले नाही.

माझे बाबा गेल्या वर्षी प्रभूकडे गेले. ते प्राथमिक शिक्षक होते, मंडळीचे पंच होते, कित्येक वर्षे संडेस्कूल घेत होते. साक्ष द्यायला मात्र ते कधी उभे राहिले नाहीत. त्यांच्याविषयी विचारले तेव्हा पास्टर म्हणाले, "कर्मे कोणाला तारत नाहीत. त्यांच्याबद्दल मी काही आशा देऊ शकत नाही." गावी पाळकसाहेबांना विचारले, तर त्यांनी याकोबाचे पत्र काढले: कर्मांवाचून विश्वास निर्जीव आहे. वॉर्डातली माझी वसईची कॅथलिक मैत्रीण म्हणते, बाबांसाठी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थनेचा विधी, सांग.

पुढच्या महिन्यात बाबांची वर्षाची स्मरण-उपासना आहे आणि आईने शास्त्रवाचन मला दिले आहे. रूममेट म्हणते, त्या मंडळीत जाऊ नकोस. मी पुन्हा बाप्तिस्मा घेऊ का? वचन तर दोघेही दाखवतात, मग खरे कोणाचे? आणि गेले तर काय वाचू?

उत्तर

प्रिय मुली,

सलाम. काका म्हटलेस, म्हणून एकेरीतच लिहितो.

आधी बाबांविषयी बोलू, कारण तुझ्या पत्रातला खरा प्रश्न तोच आहे. त्यांचे तारण झाले नाही असे सुचवण्याचा अधिकार त्या पास्टरांना कोणीही दिलेला नाही. झालेच आहे असा निकाल द्यायचा अधिकार मलाही नाही. प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला बजावतो की वेळ येण्याआधी, प्रभू येईपर्यंत, न्याय करू नका. अंतःकरणातले हेतू तो उघडे करील (१ करिंथ ४:५). रोमकरांना तो विचारतो, दुसऱ्याच्या चाकराला दोष लावणारा तू कोण? त्याचे उभे राहणे किंवा पडणे हे त्याच्या धन्याचे काम आहे (रोम १४:४). हे तो विश्वासणाऱ्यांनाच लिहितो आहे, आणि तेही धर्माच्या आचारावरून भांडणाऱ्यांना.

आता ती तारीख. नव्या जन्माचा धडा योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात आहे, येशूच्या निकदेमाशी झालेल्या संभाषणात. त्याच अध्यायाचे आठवे वचन वाच. वारा पाहिजे तिकडे वाहतो, त्याचा आवाज ऐकू येतो, पण तो कोठून येतो आणि कोठे जातो हे तुला कळत नाही; आत्म्यापासून जन्मलेल्या प्रत्येकाचे असेच आहे. ज्या अध्यायावर ते पास्टर सर्वांत जास्त भर देत असतील, तोच अध्याय तारखेची मागणी मोडून काढतो. पौलाला तारीख होती, दिमिष्काची वाट होती, जिथे त्याला ख्रिस्ताचे दर्शन झाले. पण त्याचा तरुण सोबती तीमथ्य, ज्याच्यावर त्याचा फार जीव होता, त्याच्याबद्दल तो एवढेच म्हणतो की हा विश्वास आधी तुझी आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात होता, आणि बाळपणापासून तुला पवित्र शास्त्र ठाऊक आहे. तीमथ्याचा दिवस कुठेच नोंदलेला नाही. तुझ्या बाबांसारखी माणसे, जी बोलकी नसतात आणि रविवारी सकाळी मुले गोळा करून त्यांना शास्त्र सांगत बसतात, त्यांचा वंश तीमथ्याचा आहे असे मला मनापासून वाटते.

तुझा हाच प्रश्न चारशेहून अधिक वर्षांपूर्वी लंडनमध्ये विचारला गेला होता. टेम्पल चर्चमध्ये रिचर्ड हुकर हे मुख्य पाळक होते आणि वॉल्टर ट्रॅव्हर्स तिथेच दुपारचे उपदेशक. इंग्लंड प्रोटेस्टंट होऊन फार काळ लोटला नव्हता. म्हणजे बहुतेकांचे आजे-पणजे रोमन कॅथलिक म्हणूनच वारले होते. त्यांचे काय झाले, ही टोचणी घरोघर असणार. हुकर स्वतः पक्के प्रोटेस्टंट. माणूस देवापुढे विश्वासाने नीतिमान ठरतो, कर्मांच्या पुण्याईने नव्हे, यावर ते ठाम होते. तरी त्यांनी प्रवचनात सांगितले की आपल्या हजारो वाडवडिलांना, ते अजाणतेपणी चुकीच्या शिकवणीत जगले तरी, देवाने दयेने तारले असेल. ट्रॅव्हर्स खवळले. सकाळी हुकर एक सांगत आणि दुपारी त्याच व्यासपीठावरून ट्रॅव्हर्स त्याचे खंडन करत. शेवटी १५८६ साली आर्चबिशपांनी ट्रॅव्हर्स यांना उपदेश करण्यास मनाई केली. मला हुकर यांचे म्हणणे पटते. ख्रिस्त माणसाला तारतो. तारणाविषयी त्या माणसाचे मत अचूक आहे की नाही, यावर त्याने आपले काम अडवून धरलेले नाही. विश्वासाने तारण होते असे मानणारा माणूस जर म्हणू लागला की माझ्यासारखी नेमकी शब्दरचना ज्याच्या तोंडी नाही तो गेला, तर त्याने नकळत एका नव्या कर्माचीच अट घातली.

मग शिकवणीला काही किंमतच नाही का? आहे, आणि मोठी आहे. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणारे मार्टिन लूथर त्याआधी मठात असताना तासन्‌तास पापकबुली देत, बाहेर पडल्यावर काही राहिले असे वाटून पुन्हा आत जात. देव आपल्या पुण्याचा हिशेब धरून बसला आहे, अशी शिकवण मिळालेल्या माणसाला रात्री झोप लागत नाही. उलट एकदा हात वर करून प्रार्थना म्हटली की काम झाले, अशी शिकवण मिळालेला माणूस शेजाऱ्याच्या भुकेकडे पाठ फिरवून शांत झोपतो. दोन्ही शिकवणींनी खरी माणसे बिघडतात, म्हणून पारख करावीच लागते.

तुझे पास्टर पौलाला पुढे करतात आणि पाळकसाहेब याकोबाला. दोघेही वचन दाखवतात, पण मागचा-पुढचा भाग कोणीच दाखवत नाही. पौल रोमकरांस ३:२८ मध्ये म्हणतो की नियमशास्त्राच्या कर्मांवाचून माणूस विश्वासाने नीतिमान ठरतो. याकोब २:२४ मध्ये म्हणतो की माणूस केवळ विश्वासाने नव्हे, तर कर्मांनी नीतिमान ठरतो. शेजारी शेजारी ठेवले तर सरळ भांडण दिसते. आता कोण कोणाशी बोलतो आहे ते पाहा. पौलापुढे यहूदी नसलेले नवे विश्वासणारे आहेत. त्यांना काही जण सांगत आहेत की तुमची सुंता झाल्याशिवाय तुम्ही देवाच्या घरचे नाही. गलतीकरांस पत्र तर या एकाच रागातून लिहिलेले आहे. पौल त्यांना म्हणतो, दार उघडे आहे, किल्ली विकणाऱ्यांचे ऐकू नका. याकोबापुढे वेगळीच माणसे बसली आहेत. सोन्याची अंगठी घालून आलेल्याला ती पुढे बसवतात आणि फाटक्या कपड्यातल्याला पायाशी. उघड्या-उपाशी भावाबहिणीला ती म्हणतात, जा, ऊब घ्या, पोटभर खा. आणि देत काहीच नाहीत. अशांना याकोब म्हणतो, हा तुमचा विश्वास मेलेला आहे, भुतेही असाच विश्वास ठेवतात आणि थरथर कापतात. पौलाला याकोबाच्या सभेत उभे केले असते तर तो वेगळे काय बोलला असता? गलतीकरांस पत्रातच तो म्हणतो की ख्रिस्तात महत्त्व आहे ते प्रीतीच्या द्वारे कार्य करणाऱ्या विश्वासाला (गलती ५:६).

दोघेही अब्राहामाचाच दाखला देतात, हेही बघ. दोघेही उत्पत्ती १५:६ उद्‌धृत करतात. पौल त्या रात्रीपाशी थांबतो, जेव्हा अब्राहामाने आकाशातले तारे पाहिले आणि देवाच्या शब्दावर भरवसा ठेवला. याकोब तिथून पुढे बाविसाव्या अध्यायापर्यंत, इसहाकाच्या वेदीपर्यंत जातो. गोष्ट एकच आहे, एक जण तिची सुरुवात सांगतो आणि दुसरा तिचा शेवट.

इफिसकरांस २:८-९ तुझ्या फेलोशिपमध्ये सर्वांना पाठ असेल: कृपेने, विश्वासाच्या द्वारे तारण झालेले आहे, ते देवाचे दान आहे, कर्मांनी नव्हे, कोणी आढ्यता बाळगू नये. या वचनावर माझेही जीवन उभे आहे. पण दहावे वचन कितींना पाठ आहे, ते एकदा विचारून बघ. आपण त्याची हस्तकृती आहोत, सत्कृत्ये करण्यासाठी ख्रिस्त येशूमध्ये निर्माण केलेले. पौलाने तिथे परिच्छेद तोडलेला नाही, आपण तोडतो.

तुझ्या वसईच्या मैत्रिणीच्या पंथाबद्दल आपल्याकडे सरसकट सांगितले जाते की ते कर्मांनी तारण मानतात. हे अन्यायाचे आहे. ज्या ट्रेंटच्या कॅथलिक धर्मपरिषदेने १५४७ साली लूथरपंथीयांच्या मताविरुद्ध ठराव केले, तिनेच असेही लिहून ठेवले की नीतिमान ठरण्याआधीचे काहीही, विश्वास असो वा कर्मे, ती कृपा कमावू शकत नाही. पुढे साडेचारशे वर्षांनी, ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी, जर्मनीतल्या आउग्सबुर्ग येथे कॅथलिक चर्च आणि लूथरन जागतिक महासंघ यांनी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. तिचा गाभा असा: आपल्या कोणत्याही पुण्याईमुळे नव्हे, तर केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरील विश्वासात देव आपला स्वीकार करतो, आणि पवित्र आत्मा आपली अंतःकरणे नवी करून सत्कृत्यांसाठी आपल्याला सिद्ध करतो. २००६ मध्ये जागतिक मेथडिस्ट परिषद आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड मंडळ्यांचा जागतिक संघ या घोषणेत सामील झाला. म्हणून सगळे वाद मिटले असे नाही. जर्मनीतल्या अनेक प्रोटेस्टंट प्राध्यापकांनी त्या घोषणेला कडाडून विरोध केला होता, आणि मृतांसाठी प्रार्थना हा फरक तर अजून तसाच आहे. मृतांसाठी प्रार्थनेचा उल्लेख असलेले मक्काबी ग्रंथ कॅथलिकांच्या बायबलात आहेत, आपल्या बायबलात नाहीत. मैत्रिणीच्या सल्ल्यामागे ती परंपरा आहे. तू मिस्सा सांगावीस असे मी म्हणणार नाही. पण तिने तुझ्या बाबांची आठवण प्रार्थनेत काढायची म्हटले, हे प्रेम नाकारू नकोस.

आता फेलोशिपची बाजू, कारण तिच्यातही सत्य आहे आणि ते तुझ्यापासून लपवणे बरे नव्हे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. त्यानंतर त्यांनी तिथल्या जोगीण सिस्टर जेराल्डिन यांच्याशी जो पत्रव्यवहार केला, तो आजही वाचावा असा आहे. त्रैक्याविषयी (पिता, पुत्र व पवित्र आत्मा एकच देव), चर्चच्या अधिकाराविषयी त्यांनी बेधडक प्रश्न केले. भारतातल्या पुरोहितांचे जू मोठ्या कष्टाने झुगारले आहे, आता पाळक सांगतात म्हणून दुसरे जू मानेवर घेणार नाही, अशा आशयाचे त्यांनी लिहिले. आणि याच रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत सांगितले की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचा जीव असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. तो बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षांनी सापडला. म्हणजे बाप्तिस्मा झाला, मंडळीच्या वहीत नाव आले, एवढ्याने भागत नाही हे तुझ्या फेलोशिपचे म्हणणे रमाबाईंनी स्वतः जगून दाखवले आहे. आपल्या जुन्या मंडळ्यांमधून पिढीजात ख्रिस्तीपण पुष्कळ आहे आणि विश्वासाची भूक कमी, ही तक्रार खोटी नाही. ती भूक तुला फेलोशिपने दिली, त्याबद्दल त्यांचे उपकार मान.

पण त्याच रमाबाईंनी केडगावला बसून काय केले तेही बघ. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले आणि १९२२ साली मृत्यूपर्यंत त्या कामाला जुंपून राहिल्या. साध्या बायाबापड्यांना स्वतः वाचता यावे म्हणून. मधल्या माणसाने सांगितलेला अर्थ निमूट गिळण्याची रीत त्यांनी पुरोहितांची मानली नाही आणि पाद्र्यांचीही मानली नाही. तूही मानू नकोस, पास्टरांची नको आणि माझीही नको.

बाप्तिस्म्याचे आता सांगतो. लहान मुलांचा बाप्तिस्मा द्यावा असे स्पष्ट वचन नव्या करारात नाही, आणि देऊ नये असेही नाही. फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याच्या घरच्या सगळ्यांचा बाप्तिस्मा त्याच रात्री झाला (प्रेषित १६:३३). त्या घरात पाळणा होता की नाही, हे लूक सांगत नाही. विश्वास ठेवून मगच बाप्तिस्मा घ्यावा, या मताला मी हलके लेखत नाही. त्यासाठी माणसे मेली आहेत. १५२५ च्या जानेवारीत झुरिचमध्ये काही जणांनी प्रौढपणी पुन्हा बाप्तिस्मा घेतला. त्यांच्यातल्या फेलिक्स मान्त्स यांना ५ जानेवारी १५२७ रोजी लिमात नदीत बुडवून ठार केले, आणि ठार करणारे राज्यकर्ते प्रोटेस्टंट होते. आपल्याला तारणाचा मार्ग नीट कळला आहे असे त्यांनाही वाटत होते.

तुझ्या मंडळीने मात्र या प्रश्नावर एक धाडसाचे पाऊल उचललेले आहे, आणि ते तुला कोणी सांगितलेले दिसत नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला उत्तर भारताची मंडळी, म्हणजे तुझी सीएनआय, स्थापन झाली. तेव्हा तिच्यात अँग्लिकन आले, युनायटेड चर्च आली, आणि बॅप्टिस्ट व ब्रदरनही आले. पहिले तान्ह्यांना बाप्तिस्मा देणारे, दुसरे विश्वास कबूल केल्यावर पाण्यात बुडवून देणारे. दोन्ही रीती एका मंडळीत नांदतील असे त्यांनी ठरवले, आणि आजही त्या नांदतात. तू ज्या मंडळीतून निघायच्या विचारात आहेस, तिच्याच छपराखाली दोन्ही मते आहेत.

म्हणून माझे मत विचारशील तर पुन्हा बाप्तिस्मा घेऊ नकोस. निदान आत्ता तरी नको, आणि भीतीपोटी तर मुळीच नको. बाप्तिस्म्यात देव आपल्याला आपलेसे म्हणतो. ते एकदा म्हणून झाले आहे आणि दृढीकरणाच्या दिवशी तू त्याला स्वतःच्या तोंडाने आमेन म्हटले आहेस. पाणी किती होते यावर तारण अवलंबून असते तर वधस्तंभावरच्या चोराला 'आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील' हे शब्द ऐकायला मिळाले नसते, आणि कर्नेल्य या रोमी अधिकाऱ्याच्या घरी पाण्याच्या आधी पवित्र आत्मा उतरला नसता. वर्षभर अभ्यास करून तुझी विवेकबुद्धी खरोखर वेगळे सांगू लागली, तर आधी तुझ्या पाळकसाहेबांपाशी बस आणि आईपाशी बस. लपून काही करू नकोस.

अभ्यासाची रीत साधी ठेव. एका रविवारी दुपारी गलतीकरांस पत्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका बैठकीत वाच. पुढच्या रविवारी याकोबाचे पत्र तसेच. वचनांचे आकडे दुर्लक्षून वाच, जणू ते पत्र आज पोस्टाने आले आहे. मग तारण गमावता येते का हा जो दुसरा वाद तुझ्या कानावर लवकरच येईल, त्यासाठी योहान १० आणि इब्री ६ पूर्ण वाच. इब्री ६:४-६ ची धमकी ऐकवणारे सहसा नवव्या वचनापर्यंत येत नाहीत, जिथे लेखक त्याच लोकांना प्रियजनहो म्हणतो आणि तुमच्याविषयी याहून चांगल्या गोष्टींची आम्हांला खात्री आहे असे सांगतो. व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या एकेका वचनाच्या चित्रांवरून मात्र कोणतेही मत बनवू नकोस.

फेलोशिप सोड असे मी सांगत नाही. पण एका गोष्टीवर नजर ठेव. जी शिकवण तुला आईपासून तोडते, बापाच्या स्मरण-उपासनेला जाऊ देत नाही आणि इतर ख्रिस्ती लोकांबरोबर प्रभुभोजनाला बसणे पाप ठरवते, ती कितीही वचने दाखवो, तिच्यात काहीतरी बिनसलेले आहे. पास्टरांना हे नम्रपणे, तोंडावर विचार. चांगले पास्टर असतील तर ते प्रश्नाने दुखावणार नाहीत. रूममेटशी भांडू नकोस. तिला तुझी काळजी आहे म्हणूनच ती बोलते. उलट तिलाच उपासनेला बरोबर चल म्हण.

तेव्हा जा, आणि वाचन तूच कर. रोमकरांस ८:३१ ते ३९ वाच. ज्या पत्रातून पास्टरांनी तुला कर्मे तारत नाहीत हे दाखवले, तेच हे पत्र आहे. काही जण वेळ वाचवायला थेट अडतीसाव्या वचनावर उडी मारतात, तसे करू नकोस. तेहेतीस आणि चौतीस ही वचने सावकाश वाच: देवाने निवडलेल्यांवर दोषारोप कोण ठेवील, आणि दंडाज्ञा देणारा कोण? आधी आईसमोर एकदा मोठ्याने वाचून घे. रडू येणार असेल तर ते घरी येऊ दे. आणि उपासनेत आले तरी थांबून पुन्हा सुरू कर, मंडळी वाट पाहील.

तुझा,
काका